गादीवरची पहिली झोप

ताईच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा तिच्या घरी राहायला गेले, तेव्हा रात्री तिने अंथरूण घातलं ते चटईवर. खाली दुकानात छतापर्यंत गाद्या रचलेल्या आणि वर नवी नवरी चटईवर. मी विचारलं, तर ताईने कपाळाला हात लावला. "ह्यांना स्वतःची गादी स्वतः भरता येत नाही. नियम आहे म्हणे. ती सासऱ्यांनी भरायची. आणि सासऱ्यांच्या कंबरेत उसण भरली आहे. ती उतरली की मिळेल गादी."

"दिव्याखाली अंधार," मी म्हटलं. पलीकडच्या खोलीत कोणीतरी मोठ्याने हसलं. भावजींशी माझी खरी ओळख झाली ती अशी, भिंतीआडून.

सासऱ्यांची उसण उतरली, गादी मिळाली. चांगली रुंद, दोघांची. तिच्यावर त्या दोघांनी सगळा संसार काढला. मधून मधून कापूस बसला की ती उसवायची, कापूस पिंजून पुन्हा भरायची. सासरे होते तोवर सासऱ्यांनी भरली. ते गेल्यावर ताई शिकली आणि ती भरू लागली. नियम नियमाच्या जागी राहिला.

माझा स्वतःचा संसार लवकर आटोपला. त्याची गोष्ट कंटाळवाणी आहे, ती इथे नको. मी ताईच्या घरामागच्या गल्लीत खोली घेतली आणि भावजींच्या दुकानात खोळी शिवायला बसले. दुकान म्हणजे पुढे एक लांबट खोली, तिला रस्त्याच्या बाजूने शटर. मागे पिंजायचं यंत्र. कडेने वर घरात जाणारा अरुंद जिना. यंत्र सुरू झालं की कापूस सगळीकडे उडायचा, केसांवर, भुवयांवर, चहाच्या कपात. संध्याकाळपर्यंत आम्ही तिघंही म्हातारे दिसायचो आणि तोंड धुतलं की पुन्हा तरुण व्हायचो. पुढे पुढे तोंड धुऊनही फरक पडेनासा झाला.

काम तसं सरळ. कापूस गच्चीवर उन्हात पसरायचा, मग यंत्रातून काढायचा. खोळीत भरताना कोपरे आधी, मधला भाग शेवटी. काठीने झोडपून सारखं करायचं आणि दाभणाने आरपार टाके घालायचे. एवढं झालं की दुसरा कुठलाही गादीवाला गिऱ्हाइकाला निरोप धाडेल. भावजी धाडत नसत. त्यांच्या वडिलांची पद्धत अशी, की नवी गादी आधी भरणाऱ्याने अंगाखाली घ्यायची. ह्याला ते 'पाठ लावणं' म्हणत. दुकानाच्या मधोमध गादी पसरून, चपला काढून भावजी तिच्यावर उताणे व्हायचे, डोळे मिटायचे आणि ज्याची गादी त्याचं नाव घेऊन म्हणायचे, "दमलेलं अंग येतंय. रात्रभर सांभाळ, सकाळी ज्याचं त्याला परत दे." मग थोडा वेळ तसेच पडून राहायचे. गिऱ्हाईक दारात येऊन खाकरलं तरी उठायचे नाहीत.

भावजी म्हणजे काडीपैलवान. मी शिलाईच्या मशीनवरून म्हणायचे, "अहो, तुमच्या वजनाने गादीला कळणार तरी का, कोणी निजलंय ते? हॉटेलवाल्या शेटजींची गादी आहे, जरा पोटावर दगड ठेवून निजा."

"वजन बघायला नाही निजत मी, मेहुणीबाई," ते डोळे न उघडता सांगायचे. "झोप आपल्या हातात नाही. आपण नुसती जागा करून द्यायची. झोप द्यायची की नाही ते वरचा बघतो. त्याला आधी सांगून ठेवलेलं बरं."

वरच्याशी माझं फारसं जमत नाही. मी त्याच्या वाटेला जात नाही, तोही माझ्या वाटेला जात नाही, असं आमचं बरं चाललं आहे. भावजींचं तसं नव्हतं. त्यांचा देव साधा होता आणि कामाचा होता. ते म्हणायचे, माणूस जागा असतो तोवर देवाला त्याच्यात हात घालता येत नाही, माणूस सारखा मधेमधे करतो. तो एकदा झोपला की देव आपलं काम उरकतो. दुखलेलं दुरुस्त करतो, रागावलेलं निववतो, लेकरांची हाडं वाढवतो. म्हणून सकाळी उठल्यावर कालच्याएवढं वाईट वाटत नाही.

"आणि ज्यांना झोपच येत नाही त्यांचं?" मी विचारायचे.

"त्यांच्यासाठी आपलं दुकान आहे ना!"

"आणि माझंही," समोरचे औषधवाले म्हणायचे. ते रोज दुपारी चहाला यायचे. "दोघंही झोपच विकतो आपण. माझी फक्त पाण्याबरोबर घ्यावी लागते."

आठवड्यातला एक दिवस दुकान बंद असायचं. भावजी त्याला 'मोकळा दिवस' म्हणत. त्या दिवशी सुईला हात लावायचा नाही, यंत्राला हात लावायचा नाही, कोणी कितीही गळ घातली तरी शटर वर करायचं नाही. हॉटेलवाले शेटजी एकदा नेमके त्याच दिवशी आले. पाहुणे उतरायचे होते, गाद्या हव्या होत्या, खालून हाका मारमारून त्यांचा घसा बसला. भावजी खिडकीतून म्हणाले, "शेटजी, यंत्राला बटण आहे, म्हणून ते थांबतं. माणसाला कोणी बटण दिलेलं नाही, म्हणून त्याला हा दिवस दिलाय." आणि खिडकी लावून घेतली. शेटजी दुसरीकडे गेले ते कायमचेच गेले. ताई दोन दिवस धुसफुसत होती.

मोकळ्या दिवशी सकाळी प्रार्थना, दुपारी जेवण आणि जेवणानंतर दोघांची झोप. ताईला दुपारची झोप फारशी यायची नाही. ती नुसती पडून असायची. "हा माणूस देवाच्या नावाखाली घोरतो गं," ती मला सांगायची. "अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. ह्यांच्याकडे अंथरुणांची कमी नाही, तर हे पसरतातच आहेत." पण त्या दुपारी ती कोणाकडे जायची नाही आणि कोणाला बोलवायचीही नाही. मी एकदा गेले, तर मलासुद्धा जिन्यातूनच परत पाठवलं.

भावजींचं आणखी एक काम होतं, त्याला दुकानदारी म्हणता येणार नाही. जोडप्यातलं एक गेलं, की मागे राहिलेलं माणूस काही महिन्यांनी दुकानात यायचं. दोघांच्या गादीवर त्याला झोप यायची नाही. कापूस रोज दबतो, त्याला अंगाचा खळगा पडतो. एक खळगा आपला, एक गेलेल्याचा. हात पसरला की तो लागतो. भावजी ती गादी घरी जाऊन आणायचे, उसवायचे, कापूस पिंजायचे आणि एकाची अरुंद गादी भरून द्यायचे. उरलेल्या कापसाच्या उश्या करून लेकीसुनांना वाटायला सांगायचे. एका शाळेतले निवृत्त मास्तर गादी उसवू देईनात. दोन्ही हात तिच्यावर ठेवून बसले. भावजी त्यांच्याशेजारी बसून म्हणाले, "मास्तर, कापूस काही लक्षात ठेवत नाही हो. पिंजला की नवा. लक्षात ठेवायचं ते आपण." मास्तरांनी हात काढले. हे वाक्य भावजींनी त्या दुकानात किती जणांना ऐकवलं, त्याला गणती नाही. मला ते पाठ झालं होतं आणि खरंही वाटत होतं.

ताईचं हृदय अशक्त होतं हे आम्हाला माहीत होतं. इतकं अशक्त आहे हे डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. ती गेली मोकळ्या दिवशी, दुपारी, त्या रुंद गादीवर, भावजींच्या शेजारी. भावजी झोपलेले होते.

ते उठले तेव्हा ताई त्यांच्याकडे तोंड करून पडलेली होती. हात त्यांच्या पाठीशी. त्यांना वाटलं, आज हिला कधी नव्हे ती झोप लागली आहे. चाहूल लागू नये म्हणून ते चवड्यांवर चालत स्वयंपाकघरात गेले, दोघांचा चहा केला, कप घेऊन आले आणि ती आपोआप उठेल म्हणून शेजारी वाट पाहत बसले. मग त्यांनी मला बोलावून आणलं. मी गेले तेव्हा चहावर साय धरली होती. डॉक्टर म्हणाले, शांतपणे गेल्या, त्रास झाला नाही. भावजींनी एकच विचारलं, किती वेळ झाला असेल. डॉक्टरांनी सांगितलं. त्या वेळी भावजी घोरत होते.

पुढचे काही महिने बाहेरच्याला काही वेगळं दिसलं नसतं. भावजी रडत बसले नाहीत, कोणाशी भांडले नाहीत. ताईची लेक परगावाहून आली, राहिली, 'बाबा, माझ्याकडे चला' म्हणून हट्ट धरून बसली आणि शेवटी एकटीच परत गेली. दुकान सुरू झालं. फरक मला दिसत होता, कारण मी तिथे बसलेली असायचे. भावजी वर झोपायला जात नव्हते. शटरपाशी एक खुर्ची होती, तिच्यात बसून रात्र काढत होते, आणि झोप आली की उठून उभे राहत होते. मोकळ्या दिवशी शटर उघडायला लागलं. गल्लीतल्यांना वाटलं, बिचारा कामात मन रमवतोय. पाठ लावणंही बदललं. आता ते गादीवर नुसते बसायचे आणि म्हणायचे, "दमलेलं अंग येतंय. रात्रभर सांभाळ." पुढचं म्हणायचे नाहीत. मी शिलाईचं मशीन थांबवून पुढच्या शब्दांची वाट पाहायचे आणि ते उठून कामाला लागायचे.

एकदा मी हटकलं. "भावजी, देवाशी अबोला धरलाय का?"

"अबोला कशाला? झोपलेल्या माणसाचं काम देव करतो म्हणत होतो ना मी? केलं त्याने," ते म्हणाले आणि दाभणात दोरा ओवायला लागले. दोरा काही केल्या भोकात जाईना. शेवटी मीच ओवून दिला.

मला त्यांचा राग यायचा. खोटं कशाला सांगू, कीव कमी आणि राग जास्त. बहीण माझी गेली होती. तिच्यासाठी जागं राहायचा मान जसा काही ह्यांनाच मिळाला होता. ह्या रागाच्या भरात माझा हात चांगला चालायचा, खोळी भराभर उरकायच्या. भावजींच्या गाद्या मात्र बिघडत चालल्या होत्या. टाके इतके ओढून घातलेले, की गादी फळीसारखी व्हायची. गिऱ्हाइकं परत घेऊन यायची. औषधवाल्यांनी गोळ्यांची पट्टी आणून दिली, ती भावजींनी सुयांच्या डबीत ठेवून दिली. वर ती रुंद गादी तशीच अंथरलेली होती, चादरीसकट. चादरीवरून दोन्ही खळगे दिसत होते. मी केर काढायला जायचे तेव्हा तिकडे पाठ करून काढायचे.

मग एका सकाळी ते यंत्रावर उभ्या उभ्या झोपले.

मी पुढे खोळ बेतत होते. यंत्राचा आवाज एकाएकी जड झाला, घास अडकल्यासारखा. मागे धावले तर भावजींची मान खाली, डोळे मिटलेले आणि बाही यंत्राच्या दातेरी रुळात ओढली जात होती. मी बटण बंद केलं. रूळ थांबायला वेळ लागतो. तेवढ्यात बाही कोपरापर्यंत फाटली, मनगटावर दातांचे ओरखडे उठले. हात वाचला. एक पळभर उशीर झाला असता तर त्या कापसातून बोटं वेचावी लागली असती.

मी ओरडले. काय ओरडले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. शेवट असा होता, "तुम्ही आज निजला नाहीत तर मी ह्या दुकानाला कुलूप घालते आणि किल्ली नदीत टाकते! मेलेल्यांचं पुष्कळ झालं. मला आता आणखी कोणाला उचलायचं नाही!"

भावजी हाताकडे बघत होते. म्हणाले, "त्या गादीवर नाही निजवत."

"मग उसवा की. गावाच्या उसवल्यात ना? कापूस काही लक्षात ठेवत नाही म्हणत होता ना?"

"ते मी लोकांसाठी म्हणायचो," ते म्हणाले. "ठेवतो गं कापूस लक्षात. म्हणून तर पिंजावा लागतो."

हे मला ठाऊक नव्हतं. मी खाली बसले आणि त्यांच्या मनगटाला चिंधी बांधली. ते पुढे म्हणाले, "आणि माझी गादी मला भरता येत नाही. भरणारी गेली. आता तू भर."

"मी? मी जन्मभर खोळीच शिवल्या आहेत."

"मी सांगतो तसं कर."

आम्ही दोघांनी मिळून ती गादी जिन्यातून खाली आणली. टाके उसवायच्या आधी भावजींनी ताईच्या खळग्यावर तळहात ठेवला. मास्तरांनी ठेवला होता तसाच. मी तोंड फिरवून कात्री शोधायला लागले. कात्री माझ्या हातातच होती. थोड्या वेळाने ते म्हणाले, "हं, घाल कात्री." मी घातली.

कापूस पिवळट झाला होता. मी तो गच्चीवर पसरला, यंत्रातून काढला, पांढराशुभ्र ढीग झाला. भावजी स्टुलावर बसून हुकूम सोडत होते. कोपरे आधी. एवढा दाबू नकोस, भांडी घासतेस का? आता काठी. हळू, गादीवर कसला राग काढतेस? मला घाम फुटला होता, पण त्यांचा तो जुना आवाज ऐकून बरंही वाटत होतं. एकाची, अरुंद गादी झाली. टाके वाकडेतिकडे पडले. उरलेला कापूस त्यांनी बाजूला ठेवला.

"आता पाठ लाव," ते म्हणाले.

"अहो, मी कुठली देवाला मानणारी. ते सोंग मला जमणार नाही."

"भरली कोणी? तू. मग पाठ तूच लावायची. त्याच्याशिवाय मी हिच्यावर निजणार नाही."

ह्या माणसाच्या नियमांनी माझ्या बहिणीला चटईवर झोपवलं होतं आणि आता ते माझ्या मागे लागले होते. दुपार झाली होती. गादी वर नेऊन पसरली. भावजी, "मी चहा टाकतो," म्हणून स्वयंपाकघरात गेले. मी चपला काढल्या, उताणी झाले, डोळे मिटले आणि भावजींचं नाव घेऊन एकदाचं उरकावं म्हणून सुरुवात केली, "दमलेलं अंग येतंय. रात्रभर सांभाळ..."

त्यापुढचं मला आठवत नाही.

ताई गेल्यापासून मीही झोपले नव्हते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं आणि मी स्वतःला विचारलं नव्हतं. भावजी खुर्चीत जागे आहेत हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. मी माझ्या खोलीत दिवा मालवून जागी असायचे, एवढाच काय तो फरक.

डोळे उघडले तेव्हा खिडकीतलं ऊन समोरच्या भिंतीवर चढून तांबूस झालं होतं. अंगावर ताईची शाल होती. भावजी भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते आणि त्यांच्यापुढे दोन कप, दोन्हींवर साय धरलेली.

मी ताडकन उठून बसले. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. "उठवायचं नाही का? अहो, दिवस मावळत आला!"

"उठवणार होतो," ते म्हणाले. "चहा घेऊन आलो तोच हाक मारायला. मग हाक मारायचं मनच होईना. घोरतेस तू, मेहुणीबाई. पण बघत बसायला बरं वाटत होतं. कित्येक दिवसांत एवढं बरं वाटलं नव्हतं. कोणीतरी बिनघोर झोपलंय आणि आपण शेजारी आहोत."

ते कपांकडे बघत होते.

"ती जागी असेल ना गं तेव्हा?" ते म्हणाले. "दुपारी झोपायची नाही ती. तोंड माझ्याकडे होतं. हात पाठीशी होता. नुसतं हाताने ढोसलं असतं तरी मी उठलो असतो. तिलाही असंच वाटलं असेल का, मला आत्ता वाटलं तसं? म्हणून नसेल का उठवलं?"

देवाचं मला काही विचारू नये, पण माझ्या बहिणीला मी पाळण्यात होते तेव्हापासून ओळखत होते. "भावजी," मी म्हटलं, "ताईला तुम्हाला उठवायचं असतं ना, तर तिने सगळी गल्ली उठवली असती."

ते हसले. हसता हसता त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ते रडले. ताई गेल्यानंतर पहिल्यांदा, मोठ्याने, लहान मुलासारखे. मी शालीची घडी करत बसले. माझी घडी काही नीट होईना.

मग शर्टाच्या बाहीने तोंड पुसून ते म्हणाले, "पाठ पुरती लावलीस का? सगळे शब्द म्हणालीस?"

"अर्धे म्हटले. मधेच डोळा लागला."

"मग उरलेले म्हण." ते येऊन गादीवर आडवे झाले, आधी अवघडून, मग सैल. चिंधी बांधलेला हात छातीवर ठेवला आणि डोळे मिटले.

मी म्हटलं, "सकाळी ज्याचं त्याला परत दे." कोणाला उद्देशून म्हटलं ते मला आजही सांगता येणार नाही. मनापासून म्हटलं एवढं खरं.

शब्द संपायच्या आत ते घोरू लागले. दुसरा दिवस मोकळा दिवस होता, तेव्हा मी खाली जाऊन शटर ओढून घेतलं, सकाळी कोणी वाजवलं तरी उघडायचं नाही असं ठरवलं आणि वर येऊन त्यांच्या जागी भिंतीला टेकून बसले. दोन्ही कप गार झाले होते. दोन्ही मीच प्यायले.